उजवीकडचं एकच दार

विमानाच्या पंखामागे, पोटाला चिकटून, वीतभर लोखंडी पायरी असते. मामीने तिच्यावर पाय ठेवला, वरची कडी घट्ट धरली आणि ती तशीच थांबली. पंखावर चढायचं तर दुसरा गुडघा चांगला वाकवून अंग वर ओढून घ्यावं लागतं. मामीचे दोन्ही गुडघे आदल्या वर्षी बदलले होते. ती पुन्हा खाली उतरली, ओढणी सारखी केली आणि माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "अहो, तुम्ही या जाऊन. आम्ही दोघी इथंच थांबतो."

मामा तोवर आत जाऊन बसलेही होते. त्यांना आधी बसावंच लागतं. मामांच्या पायपर चेरोकी या विमानाला पुढच्या माणसांसाठी दार एकच, तेही उजव्या अंगाला. वैमानिक बसतो डावीकडे. म्हणून त्याने आधी पंखावर चढायचं, उजव्या खुर्चीवरून आत शिरायचं, दोन खुर्च्यांमधला फ्लॅपचा, म्हणजे पंखामागच्या झडपांचा, दांडा ओलांडून आपल्या जागी सरकायचं. सोबतच्या माणसाने त्याच्यामागून यायचं, दार ओढायचं आणि दाराच्या दोन्ही कड्या लावायच्या, एक बाजूची, एक वरची. मामी हे काम वीस वर्षं करत आली होती.

मामा पुन्हा सगळे सोपस्कार उलट्या क्रमाने करत खाली आले. त्या दिवशी विमान हँगरबाहेर नुसतंच उभं राहिलं. ही गोष्ट कॅन्ससमधल्या विचिटाची, २०२५च्या जुलैतली. मामा सांगलीच्या वालचंद कॉलेजातून यंत्र अभियांत्रिकी शिकून इकडे आले, इथंच नोकरी करून निवृत्त झाले. सेस्ना आणि बीचक्राफ्ट या विमानं बनवणाऱ्या दोन्ही कंपन्या विचिटातच वाढल्या. तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्याला उडायची हौस लागली नाही तरच नवल. तेव्हा मामांचं वय ७२ होतं, मामीचं ६९. रविवारी सकाळी उठायचं, पन्नास-शंभर मैलांवरच्या एखाद्या गावच्या धावपट्टीवर उतरायचं, तिथं काहीतरी खायचं आणि दुपारच्या आत परत यायचं, हे त्यांचं म्हातारपणीचं सुख. इथले वैमानिक अशा फेरीला शंभर डॉलरचा हॅम्बर्गर म्हणतात. मामा-मामी घरून डबा नेतात, पण फेरी तीच.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर मामा म्हणाले, "हिला बसता येत नसेल तर मी एकटा उडून जाणार कुठे? विमान बदलायचं."

मग पुढचे तीन आठवडे मी त्या दोघांबरोबर विमानं पाहत फिरले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळायला लागलं ते मामीच्या गुडघ्यांमुळे.

आपल्याकडे छोटं विमान म्हटलं की गोंदिया, बारामती, धुळे इथल्या प्रशिक्षणसंस्थांचीच विमानं डोळ्यांपुढे येतात; घरच्यासाठी विमान ही कल्पनाच दूरची. अमेरिकेत खासगी आणि छोट्या विमानांची संख्या दोन लाखांच्या घरात आहे आणि कुणालाही उतरता येईल असे विमानतळ सुमारे पाच हजार. नवी सेस्ना १७२ घ्यायची तर चार लाख डॉलरच्या वर जाते. त्यामुळे साधी निवृत्त माणसं जुनं विमान घेतात, १९६० आणि ७०च्या दशकांतलं. सेस्नाने तर १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं ही छोटी विमानं बनवणंच थांबवलं होतं. अपघातांनंतर होणाऱ्या दाव्यांनी कंपन्या बेजार झाल्या होत्या. १९९४च्या कायद्याने अठरा वर्षांपेक्षा जुन्या विमानांबद्दलच्या दाव्यांना मर्यादा घातली, तेव्हा कारखाने पुन्हा सुरू झाले. म्हणजे आज बाजारात जी विमानं आहेत, त्यांतली बरीचशी पन्नाशीची आहेत आणि ती घेणाऱ्यांत सत्तरीचेही आहेत.

विमान बघायला जाणारा माणूस पहिल्यांदा वेग विचारतो. मग इंजिनाचे तास, मग रेडिओ आणि स्क्रीन. मामांनीही तेच केलं. मामी मात्र सरळ दाराशी जायची. दार किती मोठं, किती उघडतं, उंबरठा केवढा, धरायला काय आहे. एक-दोन विमानांनंतर मामांच्या लक्षात आलं की या क्रमानेच बघायला हवं. मी तर म्हणेन, जोडीसाठी विमान घेणाऱ्याने वेगाचा आकडा शेवटी विचारावा. तासाला वीस मैलांचा फरक शंभर मैलांच्या फेरीत आठ-दहा मिनिटांचा पडतो. आणि दुसऱ्या माणसाला चढताच आलं नाही तर फेरीच होत नाही.

पहिली पाहिली ती सेस्ना १७२. जगात सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान हेच. १९५६पासून आजवर ४४ हजारांहून अधिक. पंख डोक्यावर, दोन्ही बाजूंना दारं, पंखावर चढायची भानगड नाही. उन्हात पंखाची सावली मिळते, पावसात आडोसा मिळतो, आणि आत बसल्यावर खालची शेतं स्वच्छ दिसतात. पण पंखाला खालून तिरका टेकू आहे, तो दाराजवळच येतो. त्याच्याखालून वाकून यायचं, चाकाच्या पायावरच्या लहानशा पायरीवर पाऊल टेकायचं आणि वर अंग उचलायचं. मामीला ते जमलं, पण धरण्यासाठी तिचा हात समोरच्या योककडे, म्हणजे विमानाच्या सुकाणूकडे गेला. मामा एकदम ओरडले, "अगं, ते नको धरूस!" योक ही चढताना धरायची वस्तू नाही, ती पंखांच्या आणि शेपटीच्या हलत्या भागांना जोडलेली असते. नवख्या माणसाचा हात मात्र नेमका तिथंच जातो, कारण दुसरं धरण्यासारखं जवळ काही नसतं.

या विमानाची खुर्ची रुळावर पुढे-मागे सरकते. जुन्या सेस्नांमध्ये रुळाची भोकं झिजली की खुर्चीची खीळ नीट बसत नाही, आणि विमान नाक वर करून उडतं त्याच क्षणी खुर्ची मागे घसरते. हातात योक धरलेला वैमानिक तो आपल्याबरोबर मागे ओढतो आणि नाक आणखी वर जातं. असे अपघात झाल्यामुळे १९८७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने रूळ तपासण्याची सक्ती केली. खुर्ची बघताना गादीचा मऊपणा सगळेच बघतात. गादीखालचा रूळ बघणारा मेकॅनिक बरोबर न्यावा.

१७२ची आतली रुंदी जेमतेम ४० इंच. दोन मोठी माणसं बसली की खांद्याला खांदा घासतो. मामीला त्याचं काही वाटलं नाही. मामांना वाटलं, कारण नकाशा उघडायला कोपर हलत नाही.

आपल्या मुंबईशी जोडलेली एक गोष्ट मला इथं आठवली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, ते पुस मॉथ या विमानातून. तेव्हाची बरीचशी छोटी विमानं उघडी असत. तोंडावर वारा, डोळ्यांवर गॉगल. पुस मॉथला बंदिस्त खोली होती, पंख वर होते आणि आत शिरायला दार होतं. पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी जेआरडींनी तोच मार्ग पुन्हा उडून दाखवला, लेपर्ड मॉथमधून. तेही विमान बंदिस्त, वरच्या पंखाचं, दाराचं. ७८व्या वर्षी ते उडाले हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वयाच्या माणसाला सरळ दारातून आत शिरता येईल असं विमान त्यांच्यापाशी होतं, हेही त्यात धरायला हवं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मोटारीने विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला गेलो. दर वर्षी तिथं हौशी वैमानिकांची जत्रा भरते. आठवड्याभरात दहा हजारांहून अधिक विमानं येतात. पंढरपूरच्या वाटेवर दिसते तशी राहुट्यांची रांग इथं विमानांच्या पंखांखाली दिसते. नवं विमान बघायचं आणि त्यात बसून बघायचं तर यापेक्षा चांगली जागा नाही.

तिथं मामी सिरसमध्ये बसली. हे मिनेसोटातल्या डुलुथचं विमान, पहिलं मॉडेल १९९८ सालचं. आतून ४९ इंच रुंद, मोटारीसारख्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना दारं. छतात लाल मूठ असते. ती ओढली की आख्खं विमान हवाई छत्रीला लटकून खाली येतं. ही मूठ वैमानिकालाच ओढता येते असं नाही, शेजारच्यालाही येते. कंपनीच्या संस्थापकांपैकी ॲलन क्लॅपमायर १९८५ साली हवेतल्या टकरीतून वाचले होते, त्या अनुभवातून ही कल्पना आली. मामी त्या मुठीकडे बराच वेळ बघत बसली. "यांना काही झालं तर मी काय करायचं, याचं उत्तर पहिल्यांदाच कुणीतरी दिलं," असं ती म्हणाली. पण सिरसचा पंख खाली आहे. पुन्हा तीच पायरी, तोच पंख, तेच वर ओढून घेणं. शिवाय किंमत, आणि छत्रीची घडी दर दहा वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च वेगळा. ऑस्ट्रियाच्या डायमंड डीए ४०मध्येही पंखावर चढूनच जावं लागतं. तिचं पुढचं काचेचं झाकण वर उघडतं. उघड्या झाकणात उभं राहून मग खाली बसायचं. दिसतं फार छान, पण कॅन्ससच्या ऑगस्टमध्ये त्या काचेखाली काय होत असेल, ते मामीने न बसताच ओळखलं.

सगळ्यात सोपं बसणं मला दिसलं ते फ्लाइट डिझाइनच्या सीटी या दोन खुर्च्यांच्या विमानात. युक्रेनमधल्या खेरसोनला ही विमानं बनत. युद्धामुळे कारखान्याला तिथून निघावं लागलं. या विमानाच्या पंखाला टेकू नाही, दार वर उघडतं. आधी पाठमोरं होऊन उंबरठ्यावर बसायचं, पलंगावर बसतो तसं, आणि मग दोन्ही पाय आत घ्यायचे. मामीने ते एका दमात केलं. रुंदीही सिरसएवढीच. पण हे विमान भरल्या वजनासकट सहाशे किलोंचं. कॅन्ससच्या सपाट, तापलेल्या शेतांवरून दुपारी गरम हवा उसळते. पंखाच्या मानाने विमान हलकं असलं की प्रत्येक उसळी अंगावर येते. मामीला गाडी लागते. चढायला सोपं विमान बसायलाही सोपं असेलच असं नाही, हे तिथं कळलं.

शरीराने साथ सोडली तरी उडणं सोडायचं नाही, असं ठरवलेल्या माणसांचा इतिहास या देशात मोठा आहे. फ्रेड वाइक या अभियंत्याने १९३०च्या दशकात एरकूप नावाचं विमान बनवलं. त्याला रडर, म्हणजे शेपटीचा उभा हलता भाग, फिरवणारी पायाने दाबायची पेडलंच नव्हती. हातातलं चाक फिरवलं की रडरही आपोआप फिरे. विमान चालवणं सोपं व्हावं हा त्यांचा हेतू. पण ज्यांचे पाय चालत नाहीत अशा माणसांना ते विमान वरदान ठरलं. जन्मतः दोन्ही हात नसलेल्या जेसिका कॉक्स यांनी २००८ साली एरकूपवरच वैमानिकाचा परवाना मिळवला. त्या पायांनी विमान चालवतात. चेरोकीसारख्या विमानांत रडर हाताने चालवण्याची जोडणी बसवता येते, आणि एबल फ्लाइट ही संस्था २००६पासून अपंगांना उडायला शिकण्यासाठी शिष्यवृत्ती देते. या सगळ्यांच्या मानाने मामीची अडचण लहान आहे. पण तिच्यासारख्या अडचणीची माणसं हजारोंनी आहेत, आणि ती कुठे तक्रार करत नाहीत. "तुम्ही या जाऊन" एवढंच म्हणतात आणि खाली थांबतात. मग वर जाणारा माणूसही हळूहळू जाईनासा होतो.

ऑशकॉशहून परतल्यावर मामांच्या एका शेजाऱ्याने आपला हँगर उघडला. आत उभी होती सेस्ना कार्डिनल, १९७६ची. हे विमान सेस्नाने १९६७मध्ये आणलं ते १७२ची जागा घेण्यासाठी. टेकू काढून टाकला, पंख मागे सरकवला, विमान जमिनीलगत ठेवलं आणि दोन्ही बाजूंना अशी प्रशस्त दारं दिली की ती काटकोनात उघडतात. आतली रुंदी ४८ इंच. पण पहिल्या वर्षी इंजिन दिलं दीडशे अश्वशक्तीचं, ते अपुरं पडलं; शेपटीच्या हलत्या पंखामुळे उतरताना नाक आपटायच्या तक्रारी आल्या आणि कंपनीने स्वखर्चाने त्यात सुधारणा केली. पुढे इंजिन १८० अश्वशक्तीचं झालं, प्रोपेलर बदलला, विमान उत्तम झालं. पण पहिल्या वर्षीचं नाव चिकटलं ते चिकटलंच. १९७८ साली कार्डिनल बंद पडली आणि जिची जागा घ्यायची होती ती १७२ अजून बनते आहे.

मामी दाराशी गेली. दार उघडलं तर अख्खी खुर्ची समोर मोकळी. ती पाठमोरी झाली, बसली, वळली. मग उतरली. पुन्हा बसली. मामांनी खिशातून घड्याळ काढलं आणि तिला म्हणाले, "आता पट्टा बांध, आणि मी सांगितलं की सोडून बाहेर ये." मामी बाहेर आली तोवर मामाही आपल्या दारातून उतरून पंखाच्या टोकाशी पोचले होते. चेरोकीत ते तिच्यामागे अडकले असते. विमान कधी शेतात उतरवावं लागलं, इंजिनातून धूर आला, तर चेरोकीत मामांचा जीव मामीच्या गुडघ्यांवर अवलंबून होता. वीस वर्षं दोघांनी हे एकमेकांना बोलून दाखवलं नव्हतं.

कार्डिनलचे दोष मामांनी मला स्वतःहून सांगितले. मोठं दार म्हणजे वाऱ्याला मोठं शीड. कॅन्ससच्या वाऱ्यात हातातून सुटलं तर बिजागरी आणि तिच्याभोवतीचा पत्रा पिळवटतो. म्हणून विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करायचं आणि दार धरूनच उघडायचं. इंधन पंखात, म्हणजे डोक्यावर. टाकी बघायला शिडी हवी. चेरोकीत टाकीचं झाकण कमरेच्या उंचीवर होतं, ते सुख गेलं. मामीची पायरी वाचली, ती मामांच्या वाट्याला आली. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट पंखाची. टेकू नसल्यामुळे दोन्ही पंखांचा भार छतातून आडव्या गेलेल्या एका तुळईवर असतो. याच पठडीच्या सेस्ना २१०ची ही तुळई २०१९ साली ऑस्ट्रेलियात उडता उडता तडकली आणि पंख निखळला. कार्डिनलची तुळईही गंज आणि तड्यांसाठी बारकाईने तपासावी लागते. मामांनी छताचं आतलं कापड काढून ती तपासून घेतली, अहवाल हातात आला तेव्हाच पैसे दिले. दार कितीही आवडलं तरी हा अहवाल आल्याशिवाय सही करू नये.

वजनाचा हिशेब त्यांनी मला कागदावर करून दाखवला, उदाहरण १७२चं घेऊन. टाकी भरली की इंधन सुमारे दोनशे लिटर, म्हणजे १४५ किलो. दोघांचं मिळून दीडशे. चारशे किलोंच्या आसपास वाहून न्यायची ताकद असली तर शंभरेक किलो उरतात. सामानाच्या कप्प्याला मात्र ५४ किलोंची मर्यादा. चार खुर्च्यांचं विमान चार मोठ्या माणसांना टाकी भरून नेऊ शकत नाही. दोघांना मात्र ऐसपैस नेतं, मामीची घडीची खुर्ची आणि चालायची काठी धरून.

बाकी सोयी लहान आहेत, पण दिवस त्यांच्यावरच जातो. आवाज इतका असतो की हेडफोनशिवाय बोलता येत नाही; बोस कंपनीने १९८९ साली आवाज शोषून घेणारा वैमानिकांचा हेडसेट आणला, तसा मामीसाठी घेतला, कारण तिला आधीच कमी ऐकू येतं. विमानातली ऊब धुराड्याच्या नळीभोवतालच्या हवेतून येते. नळीला चीर गेली तर विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो. त्यासाठी गजर देणारं यंत्र बसवलं. स्वच्छतागृह नाही, म्हणून दीड तासापेक्षा लांब टप्पा घ्यायचा नाही, असं मामीने ठरवून टाकलं.

आणि तिने आणखी एक ठरवलं. २०१२च्या एप्रिलमध्ये विस्कॉन्सिनमध्ये दोन इंजिनांचं सेस्ना विमान चालवताना एका वैमानिकाचा हवेतच मृत्यू झाला. शेजारी बसलेली त्याची ८० वर्षांची बायको. तिने पूर्वी कधीतरी थोडं शिकून ठेवलं होतं. दुसरा वैमानिक आपलं विमान तिच्याजवळ आणून रेडिओवरून सांगत राहिला. इंधन संपत आलं, एक इंजिन बंद पडलं, तरी तिने विमान उतरवलं आणि ती वाचली. इथल्या वैमानिक संघटनेचा शेजारच्या खुर्चीतल्या माणसासाठी खास अभ्यासक्रम आहे: रेडिओवर काय बोलायचं, विमान सरळ कसं ठेवायचं, उतरवायचं कसं. मामीने ऑगस्टमध्ये त्याचे धडे सुरू केले. पंधरा दिवसांनी ती फोनवर मला म्हणाली, "वीस वर्षं मी ह्यांच्या विमानात बसत होते. आता आमच्या विमानात बसते."

आम्ही ऑशकॉशला होतो तेव्हाच, २२ जुलैला, अमेरिकेच्या वाहतूकमंत्र्यांनी तिथं नवे नियम जाहीर केले. तोवर केवळ मोटारीच्या परवान्यावर, वैद्यकीय दाखल्याशिवाय उडायचं तर ते सहाशे किलोंपर्यंतच्या दोन खुर्च्यांच्या हलक्या विमानातूनच. आता वजनाची ती अट गेली. फ्लॅप न उघडता ज्याचा किमान वेग ५९ नॉटपर्यंत आहे असं चार खुर्च्यांचं विमानही चालेल. सिरस त्यात बसत नाही. १७२ बसते, कार्डिनल बसते. मात्र खुर्च्या चार असल्या तरी वैमानिकाबरोबर माणूस एकच न्यायचा. मामा सध्या २०१७पासूनच्या दुसऱ्या सवलतीवर उडतात, दर चार वर्षांनी आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेऊन. पुढे तेही जमेनासं झालं तर हा रस्ता त्यांना मोकळा आहे.

वैमानिकांसाठीचे हे नवे नियम २२ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाले. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता.